फितुराच्या शेजारी बसलेला प्रेक्षक

रणांगणावरील चित्रपट पाहताना प्रेक्षकाला आपली बाजू शोधावी लागत नाही. शत्रू समोर असतो, त्याचा गणवेष निराळा असतो, भाषाही निराळी असते. परचक्राखालील जीवनावरचा चित्रपट मात्र इतका सोपा नसतो. तेथे शत्रू आपल्याच गल्लीत राहतो, आपल्याच पाववाल्याकडून पाव घेतो, आणि पुष्कळदा तो परकाही नसतो. अशा चित्रपटांनी निरनिराळ्या देशांत प्रेक्षकांमध्ये दुफळी माजविली आहे. त्यांपैकी एकाविषयी आज थोडे विस्ताराने सांगावयाचे आहे. १९७४ च्या जानेवारीत फ्रान्समध्ये प्रदर्शित झालेला लुई माल यांचा ‘लाकोंब, ल्युसिएँ’ हा तो चित्रपट होय.

लुई माल हे नाव आपल्याकडे अगदीच अपरिचित नाही. १९६९ साली त्यांनी भारतावर सात भागांची अनुबोधपट-मालिका पूर्ण केली. बी. बी. सी. ने ती १९७० मध्ये दाखविताच भारत सरकारने हरकत घेतली आणि त्या संस्थेचे दिल्लीतील कार्यालय काही काळ बंद झाले. म्हणजे या दिग्दर्शकाचे रुष्ट प्रेक्षक होण्याचा अनुभव आपल्यालाही आहे!

फ्रान्समधील क्षोभ समजून घ्यावयाचा तर त्या देशाने युद्धानंतर स्वतःची कोणती कथा स्वतःला सांगितली होती, हे ध्यानात घ्यावे लागेल. १९४० ते १९४४ ही चार वर्षे फ्रान्स जर्मनांच्या टाचेखाली होता. मार्शल पेतँ यांचे व्हिशी येथील सरकार जर्मनांशी सहकार्य करीत होते. मुक्ततेनंतर मात्र असे सांगितले जाऊ लागले की, मूठभर देशद्रोही सोडले तर अवघे राष्ट्र मनाने प्रतिकाराच्या बाजूस होते. मोडलेले राष्ट्र सावरण्यास ही कथा उपयोगी पडली, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु १९७० साली जनरल द गोल निवर्तले आणि तिचे टाके उसवू लागले. मार्सेल ओफ्युल्स यांनी क्लेरमाँ-फेराँ या शहरातील माणसांच्या मुलाखती घेऊन चार तासांहून मोठा अनुबोधपट तयार केला होता. तो दूरचित्रवाणीसाठी होता. पण फ्रेंच दूरचित्रवाणीने तो १९८१ पर्यंत दाखविला नाही. १९७१ मध्ये तो पॅरिसच्या चित्रपटगृहात लागला, आणि त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष पाँपिदू यांनी पोल तुव्हिए या व्हिशीच्या निमलष्करी दलातील माणसाला माफी दिली. जखम उघडी होती, आणि अशा वेळी मालसाहेबांनी तिच्यावर बोट ठेवले.

कथानक थोडक्यात असे. १९४४ चा जून महिना. ल्युसिएँ हा नैर्ऋत्य फ्रान्समधील शेतकऱ्याचा पोर. बाप जर्मनीत युद्धकैदी, आई दुसऱ्याच्या घरात राहणारी. पोरगा शहरातील रुग्णालयात फरशा पुसतो. तो गावच्या शिक्षकाकडे जातो आणि मला भूमिगत सैनिकांत घ्या म्हणतो. शिक्षक प्रतिकार चळवळीतला असतो. तू लहान आहेस, असे सांगून तो त्याला परत पाठवितो. शहराकडे परतताना सायकल पंक्चर होते, संचारबंदीची वेळ उलटते, आणि पोरगा जर्मन पोलिसांच्या फ्रेंच हस्तकांनी बळकावलेल्या एका हॉटेलपाशी सापडतो. ते त्याला दारू पाजतात. त्या नशेत तो शिक्षकाचे नाव सांगून मोकळा होतो. दुसऱ्या दिवसापासून तो त्यांच्यातलाच एक. हाती बंदूक येते, अंगावर नवा सूट येतो. तो सूट शिवणारा ओर्न हा पॅरिसहून येऊन लपून राहिलेला यहुदी शिंपी, आणि त्याच्या मुलीवर या पोराचे मन बसते. शेवटी पडद्यावर काही ओळी उमटतात: ल्युसिएँला पकडण्यात आले, प्रतिकार चळवळीच्या लष्करी न्यायालयाने त्याला देहान्ताची शिक्षा दिली आणि तिची अंमलबजावणी झाली.

प्रारंभी स्वागत चांगले झाले. मग काही आठवड्यांतच वाद पेटला. ज्यांनी प्रतिकारात स्वतः भाग घेतला होता त्यांना वाटले, एका पंक्चरवर देशनिष्ठा तोलली जाते हे दाखविणे म्हणजे आमच्या निवडीची थट्टा आहे. आम्ही डोळे उघडे ठेवून मृत्यूच्या वाटेने गेलो, चुकून गेलो नाही. डाव्या विचारांच्या टीकाकारांचा आक्षेप निराळा होता. देशद्रोही दाखवावयाचा तर अडाणी शेतकऱ्याचाच पोर का, असे त्यांनी विचारले. मिशेल फुको यांनी ‘काइए द्यु सिनेमा’ या मासिकाला त्याच वर्षी दिलेल्या मुलाखतीत, सामान्य जनतेने दिलेल्या लढ्यांची स्मृतीच अशा चित्रपटांतून पुसली जात आहे, असे प्रतिपादन केले. उलट दुसरा पक्ष म्हणत होता की, माणसे फितूर कशी होतात हे प्रथमच कोणी खरेपणाने सांगितले. ब्रिटनमध्ये तर चित्रपट अकादमीने त्याला त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरविले. अर्थात ब्रिटनवर जर्मन अंमल आला नव्हता (चॅनेलमधील बेटे सोडून); दुरून कौतुक करणे थोडे सोपे जाते.

माझ्या मते आक्षेपांपैकी सर्वांत वजनदार आक्षेप दुसरा होय. १९४२ च्या जुलैत पॅरिस आणि उपनगरांत दोन दिवसांत सुमारे १३,००० यहुदी पकडण्यात आले; त्यांत चार हजारांहून अधिक मुले होती. पकडणारे जर्मन नव्हते, फ्रेंच पोलीस होते. तेथे पंक्चर झालेली सायकल नव्हती आणि दारूचा पेलाही नव्हता. होत्या त्या नोंदवह्या, पत्त्यांची कार्डे आणि वेळेवर आलेल्या बसगाड्या. हे काम ल्युसिएँचे नव्हे, शिकलेल्या आणि सह्या करणाऱ्या माणसांचे. फ्रेंच राज्याची ही जबाबदारी राष्ट्राध्यक्ष शिराक यांनी जाहीरपणे मान्य केली ती १९९५ साली.

पण एवढ्यावरून चित्रपट खोटा ठरत नाही. प्रेक्षक खरा दुभंगतो तो कथानकावरून नव्हे, शेजारावरून. दोन तासांहून अधिक काळ आपल्याला या पोराच्या खांद्याला खांदा लावून बसावे लागते. ल्युसिएँची भूमिका करणारा पिएर ब्लेझ हा व्यावसायिक नट नव्हता, त्याच भागातला एक मुलगा होता (पुढच्याच वर्षी तो मोटार-अपघातात मरण पावला). त्याच्या चेहऱ्यावर पश्चात्ताप केव्हा उमटतो म्हणून आपण वाट पाहतो. तो उमटत नाही. तुझा पुरता तिरस्कार करणे मला काही जमत नाही, अशा अर्थाचे ओर्न एकदा त्याला म्हणतो. ज्याचा जीव या पोराच्या मुठीत आहे तो माणूस हे बोलतो! येथे काही प्रेक्षकांना चित्रपट मोठा वाटतो, तर काहींना अक्षम्य.

मी शाळेत शिकवितो. त्यामुळे माझे मन त्या शिक्षकापाशी अडते. त्याने नकार दिला तो योग्यच होता. कच्च्या पोराला भूमिगतांत घेतले असते तर दहांचे प्राण धोक्यात आले असते. माल त्याला दोष देत नाहीत. मात्र त्याच दारातून परतलेला मुलगा त्याला छळाच्या कोठडीपर्यंत नेतो.

असाच एक नकार माल यांच्या १९८७ च्या ‘ओ रव्वार, लेझाँफाँ’ या चित्रपटात आहे. नावाचा अर्थ ‘मुलांनो, पुन्हा भेटू’. ही त्यांची स्वतःची आठवण आहे. १९४४ च्या जानेवारीत, ते अकरा वर्षांचे असताना, फाँतेनब्लोजवळील त्यांच्या कार्मेलाइट शाळेत गेस्टापोचे लोक आले आणि खोट्या नावांनी लपविलेल्या तीन यहुदी मुलांना व मुख्याध्यापक फादर जाक यांना घेऊन गेले. मुले आउश्विट्झला मारली गेली. फादर जाक छळछावणीतून सुटले, पण १९४५ च्या जूनमध्ये लिंझ येथे त्यांचे प्राणोत्क्रमण झाले. या चित्रपटावर फ्रान्सने मनापासून प्रेम केले आणि व्हेनिसच्या महोत्सवात त्याला सुवर्णसिंह मिळाला. येथे प्रेक्षक निरपराध मुलाशेजारी बसतो. साहजिकच भांडण उरत नाही.

तरीही ल्युसिएँ त्यातही आहेच. शाळेच्या स्वयंपाकघरातील लंगडा नोकर जोसेफ हे माल यांनी कल्पनेने घातलेले पात्र. तो चोरटा व्यापार करतो. श्रीमंत घरची मुले त्यात भागीदार असतात. चोरी उघडकीस येताच त्याला काढून टाकले जाते, मुलांना मात्र आईबापांकडे पाहून ठेवून घेतले जाते. आपण अन्याय करीत आहोत, हे मुख्याध्यापक स्वतःच बोलून दाखवितात. मग जोसेफ गेस्टापोकडे जातो. पुढे तीन मुले आणि ते संतवृत्तीचे मुख्याध्यापक अंगणातून चालत फाटकाबाहेर जाताना दिसतात आणि चित्रपटगृहात हुंदके ऐकू येतात. ल्युसिएँला झालेली शिक्षा पडद्यावर अक्षरांत सांगितली होती. जोसेफचे काय झाले ते चित्रपट सांगत नाही, आणि रडणाऱ्या प्रेक्षकांपैकी फारच थोडे ते विचारतात.