धरमतरची ओहोटी आणि सात सामुद्रधुन्या

रसायनीतली पाताळगंगा भर वैशाखातही वाहती असते, याचं श्रेय घाटमाथ्यावरच्या तलावांना. लोणावळ्याच्या बाजूला अडवलेलं पाणी १९१५ पासून खोपोलीच्या वीजघरात चाकं फिरवतं आणि मग या नदीत उतरतं. कारखान्यांनी पुढे त्या पाण्याचं काय केलं, हे मोहोपाड्याच्या माणसाला सांगायला नको. ही नदी धरमतरच्या खाडीला मिळते, आणि महाराष्ट्रातल्या लांब पल्ल्याच्या पोहणाऱ्यांची मोठी परीक्षा याच खाडीत होते: धरमतर ते गेटवे ऑफ इंडिया, सुमारे ३६ किलोमीटर.

हे अंतर नुसत्या दमावर कापता येत नाही. ओहोटीबरोबर खाडी सोडायची, रेवस-करंजा मागे टाकायचं आणि भरतीबरोबर मुंबई बंदरात शिरायचं. वेळ चुकली की हात चालू राहतात, किनारा मात्र जवळ येत नाही. तलावातल्या १५०० मीटर फ्रीस्टाईलमध्ये ५० मीटरच्या ३० फेऱ्या असतात आणि जगातले अव्वल पुरुष त्या पंधरा मिनिटांच्या आत संपवतात. तिथे भिंत असते, पट्टा असतो, घड्याळ असतं. समुद्रात हात तोच, श्वासही तसाच कुशीवर. पण पाय जपून मारावे लागतात, कारण ते दिवसभर पुरवायचे असतात.

आपल्याकडे या वाटेने गेलेल्यांची परंपरा चांगली आहे. रूपाली रेपाळे हिने १९९४ मध्ये बाराव्या वर्षी इंग्लिश खाडी पार केली. पण दोन कारकिर्दींपाशी थांबायला हवं: पुण्याचे रोहन मोरे आणि नवी मुंबईचा प्रभात कोळी. दोघांनीही ‘ओशन्स सेव्हन’ पूर्ण केलं. इंग्लिश खाडी, जिब्राल्टर, नॉर्थ चॅनेल, कॅटलिना, मोलोकाई, त्सुगारू आणि कुक अशा सात सामुद्रधुन्या त्यासाठी पोहाव्या लागतात. मोलोकाई बेचाळीस किलोमीटरच्या आसपास भरते, म्हणजे जवळपास मॅरेथॉनच, तीही पाण्यात. जिब्राल्टर त्या मानाने चिमुकली. आयर्लंड आणि स्कॉटलंड यांच्यामधलं नॉर्थ चॅनेल मात्र गारठा आणि डंख मारणारे जेलीफिश यांमुळे बदनाम आहे. अंतराच्या आकड्यावरून त्याचा अंदाज बांधू नये.

नियम जुन्या वळणाचे आहेत. अंगावर साधा पोहण्याचा पोशाख, टोपी, गॉगल. ऊब देणारा रबरी सूट चालत नाही. सोबत बोट असते, पण तिला हात लागला की मोहीम बाद. खाणंपिणं दोरीने किंवा काठीने पुढे केलं जातं आणि ते तरंगत्या तरंगत्या घ्यायचं. निरीक्षक हे सगळं टिपत असतो. बोटीवरच्या माणसांना मी निम्मं श्रेय देईन. प्रवाह कधी फिरणार याचं गणित त्यांचं असतं, पोहणाऱ्याने त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा असतो.

फेब्रुवारी २०१८ मध्ये मोरे यांनी न्यूझीलंडची कुक सामुद्रधुनी ८ तास ३७ मिनिटांत पार केली आणि सातही पूर्ण करणारे ते पहिले आशियाई ठरले. १ मार्च २०२३ रोजी प्रभातने त्याच पाण्यात आपली सातवी सामुद्रधुनी संपवली, तेविसाव्या वर्षी, तेव्हाचा जगातला सर्वांत तरुण म्हणून. त्याला ८ तास ४१ मिनिटं लागली. या चार मिनिटांवरून दोघांची तुलना मात्र करू नये. त्या दिवशीचा वारा वेगळा, प्रवाह वेगळा आणि प्रत्यक्ष कापलेलं अंतरही वेगळं.