माझंही थोडं पुराण

संपादकांनी तीन वेळा फोन केला, चौथ्या वेळी त्यांच्या सौभाग्यवतींना फोनवर बसवलं, तेव्हा कुठे मी हा लेख लिहायला घेतलाय. विषय त्यांनीच दिला: "दुसरं लग्न केलंत, त्याबद्दल लिहा की! लोकांना उपयोग होईल." उपयोग कसला होणार ते मला माहीत नाही. पण आपल्या मंडळात माझ्या पाठीमागे या विषयावर इतकं बोलून झालंय, की एकदा समोरून बोललेलं बरं असं मलाही वाटलं.

तर वाचकहो, पुराण सांगायचं तर सुरुवात मिशिगनच्या थंडीपासून करायला हवी.

आम्ही १९८९ साली इथे आलो. ह्यांची नोकरी मोटारींच्या सुट्या भागांच्या एका कंपनीत. २००९ साली डेट्रॉईटच्या मोटारधंद्याचं जे झालं ते आपल्यापैकी अनेकांनी सोसलंय, त्यामुळे ते उगाळत बसत नाही. नोकरी गेली, तिच्याबरोबर आरोग्य विमा गेला, आणि ज्या घराचे हप्ते आम्ही भरत होतो त्या घराची किंमत कर्जाच्याही खाली गेली. मी एका हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत अर्धवेळ होते, ती पूर्णवेळ झाले, शिवाय शनिवार-रविवारच्या रात्रपाळ्या. ह्यांना दीड वर्षानं पुन्हा काम मिळालं, पगार कमी. "आता जरा श्वास घेऊ," असं हे म्हणाले आणि २०१३ च्या फेब्रुवारीत ड्राईव्ह-वेवरचा बर्फ काढताना कोसळले. मी आत चहा टाकत होते. आधणात आलं घातलेलं मला अजून आठवतं. पुढचे तास मात्र काही केल्या आठवत नाहीत.

त्यानंतरच्या तेरा दिवसांत मंडळानं आम्हाला जे सांभाळलं त्याबद्दल मी आयुष्यभर ऋणी राहीन. रोज दोन घरांतून डबा येत होता. कुणी मुलाला कॉलेजात नेऊन सोडत होतं, कुणी विम्याचे कागद बघत होतं. हे आधी सांगते, कारण पुढचं सांगणार आहे ते त्याच मंडळातलं आहे.

दुसऱ्या वर्षीचा जानेवारी आला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं मला आलं नाही. ई-मेल "सर्व सुवासिनींना" अशी होती म्हणे. मला ती पाठवावी की नाही यावर दोन मैत्रिणींचं बोलणं झालं आणि "तिलाच वाईट वाटेल" म्हणून पाठवायची नाही असं ठरलं. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. डबे आणणारे हात तेच होते. पण पंचवीस वर्षं ज्या घरच्या हळदीकुंकवाला मी वाटली डाळ करून नेली, त्या घरासमोरच्या रस्त्यावर त्या दुपारी गाड्यांची रांग बघून मी सरळ पुढे निघून गेले. दूध आणायला चालले होते, तेही आणलं नाही.

त्याच उन्हाळ्यात पुण्याला गेले. माझ्या वन्सं, म्हणजे ह्यांच्या सख्ख्या थोरल्या बहीण, एरवी कमी बोलणाऱ्या. निघताना त्यांनी बॅगेत लोणच्याच्या बरणीशेजारी एक पुस्तक ठेवलं. "सवडीनं वाच," एवढंच म्हणाल्या. पुस्तक होतं आनंदीबाई कर्वे यांचं 'माझे पुराण'.

महर्षी कर्वे आपल्याला शाळेपासून माहीत. १८५८ चा जन्म, शंभराव्या वर्षी भारतरत्न. पण बाया कर्वे, म्हणजे आनंदीबाई, आपल्याला माहीत असतात त्या बहुतेक वसंत कानेटकरांच्या 'हिमालयाची सावली'मधल्या बयोवरून. १९७२ चं ते नाटक मीही पाहिलंय, म्हणजे आईच्या मांडीवर झोपून. बाईंनी स्वतः लिहिलेलं पुस्तक आहे, १९४४ साली निघालेलं, हे मात्र पन्नाशी आली तरी मला ठाऊक नव्हतं.

त्या मूळच्या गोदूबाई, देवरुखकडच्या जोश्यांच्या. आठव्या वर्षी लग्न झालं आणि काही महिन्यांतच नवरा गेला. नवरा म्हणजे काय हे कळायच्या आत वैधव्य, मग सासरी वर्षानुवर्षं शेतातली आणि घरातली कामं, पुढे केशवपन. चोविशी-पंचविशीत भाऊ नरहरपंत यांच्याकडे मुंबईला आल्या. १८८९ साली पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढलं, तिथल्या त्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. ज्या वयात आपल्या मुली नोकरीला लागतात त्या वयात बाई बाराखडी गिरवायला बसल्या.

मला सगळ्यांत भिडली ती गोष्ट वेगळीच. नरहरपंत आणि कर्वे हे मित्र, मुंबईत एका बिऱ्हाडात राहणारे. त्यामुळे कर्व्यांच्या पहिल्या पत्नी राधाबाई गोदूबाईंच्या ओळखीच्या होत्या. राधाबाईंचा मुलगा रघुनाथ (पुढे संततिनियमनाचं काम करणारे र. धों. कर्वे ते हेच) तेव्हा सात-आठ वर्षांचा, तोही समोरच वावरणारा. १८९१ साली राधाबाई वारल्या. कर्वे त्याच वर्षी पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला आले. लग्न करायचं तर विधवेशीच, असं त्यांनी ठरवलं होतं आणि ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात त्यांचं गोदूबाईंशी लग्न झालं. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या.

म्हणजे बघा, ज्या बाईला आपण ओळखत होतो तिच्या जागी जायचं. आणि ती जागा रिकामी नसतेच. हे मला पुस्तक वाचताना एकदम कळलं नाही, नंतर कळलं.

कारण आमच्या मंडळात एक तबला वाजवणारे गृहस्थ होते. (नाव सगळ्यांना माहीत आहे, पण छापील मजकुरात मी त्यांना 'तबलजी' म्हणणार आहे. मराठीत नवऱ्याला 'हे' म्हणायचं, आणि आमच्या घरी आता दोन 'हे' आहेत, एक भिंतीवर आणि एक सोफ्यावर. घोटाळा नको.) त्यांची पत्नी माझी मैत्रीण. गणपतीचे मोदक आम्ही दोघी मिळून करायचो, तिच्या पाकळ्या माझ्यापेक्षा सुबक. २०१५ साली ती कॅन्सरनं गेली. तिच्या शेवटच्या महिन्यांत आता डबे नेणाऱ्यांत मी होते.

पुढचं सगळं अगदी साधं आहे. त्यांना आमटी कशी करतात ते माहीत नव्हतं आणि मला टॅक्सचे फॉर्म भरता येत नव्हते. शनिवारी ते कागद घेऊन बसत, मी फोडणी कधी करपते ते दाखवत असे. आम्ही बोलायचो ते ह्यांच्याबद्दल आणि तिच्याबद्दल. दुसऱ्या कुणापाशी ते बोलता येत नव्हतं. चार महिने उलटले की लोक अवघडतात, विषय बदलतात. आम्हाला विषय बदलावा लागत नव्हता. एकदा मी तिच्या मोदकांबद्दल काही बोलले आणि ते ओट्यापाशी उभ्या उभ्या रडले. हातात पळी होती, ती त्यांनी खाली ठेवली नाही. प्रेम वगैरे शब्द माझ्या मनात आला असेल तर त्या दिवशी.

विचारलं त्यांनीच, २०१८ च्या दिवाळीनंतर. मी तीन महिने उत्तर दिलं नाही. आईला साताऱ्याला फोन केला, तिचं वय तेव्हा ऐंशीच्या पुढे. पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं, फोन कट झाला. मग म्हणाली, "त्याला बीपी-डायबेटिस आहे का गं? पुन्हा तुलाच उस्तवारी नको." एवढीच तिची अट. वन्सं म्हणाल्या, "मी पुस्तक कशाला दिलं होतं?"

मुलगा मात्र गप्प राहिला. "आई, यू डोन्ट नीड माय परमिशन," म्हणाला. परवानगी नको होती हे खरं, पण मला दुसरं काहीतरी हवं होतं आणि ते त्याच्याकडे तेव्हा नव्हतं. २०१९ च्या जूनमध्ये कोर्टात लग्न केलं, मग देवळात जाऊन आलो. तो आला, फोटोत उभा राहिला, रात्रीच्या विमानानं शिकागोला परत गेला.

आनंदीबाईंच्या मानानं हे काहीच नाही. लग्नानंतर कर्वे बायकोला घेऊन मुरूडला, आपल्या गावी गेले, तर गावानं सभा भरवून बहिष्काराचा ठराव केला. आई-भावांनी त्यांना घरात घेतलं तर त्यांच्यावरही बहिष्कार. विधवाविवाहाचा कायदा १८५६ साली झाला होता, म्हणजे सदतीस वर्षं आधी. कायदा कलकत्त्याला झाला, मुरूडला पोचायचा होता!

पण पुस्तकातलं जे मला टोचलं ते मुरूडचं नाही, हिंगण्याचं. कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला, १९०० साली तो पुण्याबाहेर हिंगण्याला नेला. आश्रमात विधवांनी शिकायला यावं तर त्यांच्या सनातनी घरच्यांची धास्ती घालवायला हवी, आश्रमात पुनर्विवाह लावतात असा बभ्रा व्हायला नको. म्हणून पुनर्विवाहित बाई त्या आश्रमापासून दूरच बरी. कोण बाई? संस्थापकाची बायको. नवऱ्याच्याच संस्थेत तिला सगळ्यांच्या पंक्तीत जागा नाही. कर्वे कॉलेज संपवून पायी हिंगण्याला जायचे, विम्याची पॉलिसीसुद्धा आश्रमाला देऊन बसले, आणि घरी मुलांच्या पोटापाण्याची काळजी बाईंना. त्या चिडल्या आहेत, रुसल्या आहेत, भांडल्या आहेत, आणि ते लिहायला त्यांना संकोच वाटलेला नाही. नागपूरला जाऊन सुइणीचं शिक्षण घेतलं ते हातात काही असावं म्हणून. सत्तावन्न वर्षांचा संसार झाला त्यांचा, १९५० साली त्या गेल्या. त्यांचा शंकर डॉक्टर होऊन मोम्बासाला स्थायिक झाला, तेव्हा परदेशातला मुलगा म्हणजे काय हेही त्यांना ठाऊक होतं. दुसऱ्या मुलानं, दिनकररावांनी, आई-वडिलांच्या आठवणी इंग्रजीत आणल्या. १९६३ सालचं 'द न्यू ब्राह्मिन्स' हे पुस्तक इथल्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांत मिळतं. मराठी न वाचणाऱ्या आपल्या मुलांना द्यायला हरकत नाही.

लग्न हाच एक उपाय असंही मी म्हणणार नाही. बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले, तीही विशीत विधवा, एका मुलाची आई. तिनं पुन्हा लग्न केलं नाही. आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागितली, आणि १९१८ साली, पन्नाशीला टेकलेली ही बाई इंग्रजी शिकायला आणि आश्रमासाठी पैसे जमवायला एकटी अमेरिकेत आली. इथल्या घरांत भांडी घासून, घरकाम करून राहिली. 'माझी कहाणी' हे तिचं पुस्तक. आपण सगळे सूटकेसमधून प्रेशर कुकर घेऊन आलो आणि स्वतःला धाडसी समजलो.

असो. २०२० च्या जानेवारीत मला हळदीकुंकवाचं बोलावणं आलं. फोन करून, "नक्की यायचं हं!" असं. मी गेले. गजरा माळला, वाण घेतलं, उखाणा घ्यायचा आग्रह झाला तेव्हा हसून टाळला. मग बसल्या बसल्या लक्षात आलं, की आपल्याच गावातली एक जण, जिचा नवरा आदल्या उन्हाळ्यात गेला, ती आलेली नाही. मी कुणाला काही विचारलं नाही. मी परत आत आले होते ना. मला तेव्हा तोंड उघडायचं धैर्य झालं नाही, याची लाज आजही वाटते.

त्यानंतर दोन महिन्यांनी जग बंद झालं. मुलगा शिकागोहून आला आणि तीन महिने बेसमेंटमध्ये राहिला. वर तबलजींचा रियाज, खाली याच्या मीटिंगा. एके दिवशी त्यानं त्यांना बेसमेंटमधून ई-मेल पाठवली: कृपया पाचनंतर वाजवाल का? त्यांनीही ई-मेलनंच उत्तर दिलं: मान्य. आठवडाभर हा पत्रव्यवहार चालला. मग मे महिन्यात एका संध्याकाळी पाचला तो स्वतःच वर आला आणि ठेका धरायला शिकला, चुकीचा. अजून तो त्यांना नावानंच 'काका' लावून हाक मारतो. मी सुचवलं नाही आणि सुचवणारही नाही. मात्र फेब्रुवारीत बर्फ पडला की त्यांना फोन करतो, "काका, तुम्ही शॉव्हल हातात घ्यायचं नाही, मी माणूस लावलाय."

ह्यांचा फोटो हॉलमध्ये आहे, शेजारी तिचा. दोघांचं श्राद्ध आम्ही दोघं मिळून करतो. ह्यांना आवडायची म्हणून तबलजी स्वतः आळूची भाजी करतात. आंबट जरा जास्त होते.

येत्या संक्रांतीला शनिवारी दुपारी तीन ते सहा आमच्या घरी तिळगूळ आहे. हळदीकुंकू ज्यांना लावून घ्यायचं त्यांना लावीन, नको त्यांना नको. विधवा, घटस्फोटित, लग्न न झालेल्या, कॉलेजातल्या मुली, कुणाच्या भारतातून आलेल्या आई, सासूबाई, सगळ्यांना हेच बोलावणं समजावं, वेगळी ई-मेल येणार नाही. वाटली डाळ मी करते आहे. येताना घडीची खुर्ची मात्र आणा. आमच्याकडे बाराच आहेत.