नाशिक म्हणताना ओठ मिटत नाहीत

आवाज न ऐकता, केवळ हलणाऱ्या ओठांवरून शब्द ओळखणे म्हणजे ओष्ठवाचन. कर्णबधिर माणसे ते सरावाने साधतात. ऐकू येणारी माणसेही गोंगाटात नकळत समोरच्याच्या तोंडाकडे पाहतात. १९७६ मध्ये हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडॉनल्ड यांनी दाखवून दिले की, कानांवर ‘बा’ पडत असताना ‘गा’ म्हणणारे तोंड दिसले, तर अनेकांना ‘दा’ ऐकू येते. ऐकण्यात डोळ्यांचा वाटा एवढा मोठा आहे. चित्रफितीवरून असे वाचन करायला आता संगणकाला शिकवले जात आहे.

हे काम किती अवघड आहे ते मराठी वर्णमालाच सांगते. तिच्यातील पाच वर्ग उच्चारस्थानांनुसार घशाकडून ओठांकडे येतात: कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य आणि ओष्ठ्य. कॅमेरा तोंडाबाहेर असतो. त्यामुळे प-वर्ग त्याला स्पष्ट दिसतो, त-वर्गात जिभेचे टोक ओझरते दिसते आणि क-वर्ग जवळजवळ दिसतच नाही. वर्गाच्या आतला भेद तर ओठांवर उमटत नाही. प आणि ब यांतला फरक स्वरतंतूंच्या कंपनाचा, ब आणि भ यांतला श्वासाच्या जोराचा. म म्हणताना हवा नाकातून जाते. म्हणून आवाज बंद केला की ‘पाप’, ‘बाप’ आणि ‘माप’ एकसारखे दिसतात. ‘काल’, ‘खाल’ आणि ‘गाल’ यांचेही तेच होते.

नाशिक जिल्ह्यातील गावांची नावे आरशासमोर आवाज न करता उच्चारली, तर हा फरक लगेच लक्षात येतो. ‘मालेगाव’च्या आरंभी ओठ मिटतात. ‘इगतपुरी’त ते मध्येच मिटतात आणि लगेच गोल होतात. ‘नाशिक’, ‘सिन्नर’ आणि ‘सटाणा’ म्हणताना मात्र ओठ एकदाही मिटत नाहीत, कारण या नावांतली सगळी व्यंजने तोंडाच्या आतच घडतात. बाहेर दिसतो तो फक्त स्वरांचा आकार. ‘नाशिक’मध्ये आधी तोंड उघडते आणि मग ओठ आडवे ताणले जातात, ‘सिन्नर’मध्ये क्रम उलटा असतो. एवढ्या खुणेवरून संगणकाला नाव ओळखायचे असते.

त्यासाठी संगणक आधी चित्रफितीच्या प्रत्येक चौकटीत (फ्रेममध्ये) चेहरा शोधतो, ओठांचे कोपरे निश्चित करतो आणि तोंडाभोवतीचा लहानसा चौकोन कापून घेतो. चित्रफितीत सेकंदाला २५ चौकटी असतील, तर एक चौकट ४० मिलिसेकंदांची होते आणि ‘प’साठी मिटलेले ओठ जेमतेम दोन-तीन चौकटींत सापडतात. जुन्या चित्रपटांत तर चौकटी याहूनही कमी. दादासाहेब फाळके यांच्या नाशिकच्या हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीने १९१९ मध्ये ‘कालिया मर्दन’ हा मूकपट काढला. त्या मूकपटांच्या काळी सेकंदाला साधारण १६ चौकटी टिपल्या जात. इतक्या विरळ चित्रणात असा क्षण निसटू शकतो.

पुढचे काम न्यूरल नेटवर्कचे, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या गणिती जाळ्याचे. त्याचा पहिला भाग लागोपाठच्या चौकटी एकत्र पाहून ओठांचा आकार आणि त्यांची हालचाल टिपतो. दुसरा भाग संपूर्ण वाक्याचा मागचा-पुढचा संबंध लावतो, कारण शेजारच्या ध्वनीची छाया प्रत्येक ध्वनीवर पडते. ‘तू’ म्हणताना त च्या वेळीच ओठ गोल होऊ लागतात, ‘ती’ म्हणताना ते ताणले जातात. शेवटी भाषेचे ज्ञान उपयोगी पडते. ‘बाप’ आणि ‘माप’ सारखे दिसले तरी ‘बाप आला’ आणि ‘माप आले’ यांच्या शेवटी ओठांचा आकार वेगळा होतो. मराठी क्रियापदाचे लिंग इथे मदतीला येते. शिकवताना यंत्राचा प्रत्येक अंदाज खऱ्या मजकुराशी ताडला जातो आणि चूक असेल त्या प्रमाणात आतली गणिते थोडी थोडी बदलली जातात. असे लाखो वेळा घडते.

या संशोधनाचा एक आरंभीचा टप्पा १९८४ मधला. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात एरिक पेटाजन यांनी तोंडाच्या उघड्या भागाची उंची, रुंदी आणि क्षेत्रफळ मोजून शब्द ओळखणारी यंत्रणा तयार केली. २०१६ मध्ये ऑक्सफर्डच्या ‘लिपनेट’ने ठरावीक साच्याच्या इंग्रजी वाक्यांतील ९५.२ टक्के शब्द बरोबर ओळखले. त्याच सुमारास बीबीसीच्या कार्यक्रमांवर शिकलेल्या यंत्रणेने व्यावसायिक ओष्ठवाचकालाही मागे टाकले. पण मोकळ्या बोलण्यात चुका बऱ्याच राहतात. २०१८ मध्ये डीपमाइंड या कृत्रिम बुद्धिमत्ता कंपनीच्या यंत्रणेला ३,८८६ तासांचे चित्रण शिकवूनही तिचे ४०.९ टक्के शब्द चुकत होते.

महाराष्ट्रात डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातील संशोधकांनी या दिशेने काम केले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात सुटे शब्द ओळखण्यासाठी ओठांची चित्रे आणि आवाज यांची सांगड घातलेली आहे. सुट्या शब्दांवरून सलग मराठी बोलण्याकडे जायचे, तर स्पष्ट चेहरा आणि अचूक मजकूर असलेले पुष्कळ तासांचे चित्रण लागते. त्यात वेगवेगळ्या जिल्ह्यांतील, वयांचे आणि मिशा-दाढी असलेले-नसलेले बोलणारे हवेत. एकाच ढंगाची मराठी शिकलेले यंत्र सटाण्यातल्या किंवा सिन्नरमधल्या माणसासमोर अडखळेल.

या विद्येचा खरा उपयोग अशा माणसांना आहे ज्यांचे शब्द ओठांपर्यंत येतात, पण त्यांचा आवाज होत नाही: स्वरयंत्र काढलेले रुग्ण, श्वासनलिकेत नळी असलेले अतिदक्षता विभागातले रुग्ण. कर्णबधिरांना चालू संभाषणाचा मजकूर पडद्यावर मिळू शकतो. कारखान्याच्या खडखडाटात किंवा सिंहस्थ कुंभमेळ्याच्या गर्दीत आवाज आणि ओठ मिळून बोलणे अधिक नीट ओळखता येते. दुसरी बाजूही गंभीर आहे. दुरून टिपलेल्या ओठांवरून कोणाचेही खासगी बोलणे त्याच्या नकळत वाचण्याचा प्रयत्न होऊ शकतो. म्हणून बोलणाऱ्याची संमती ही पहिली अट ठरते. आणि ‘पाप’ व ‘बाप’ ज्याला सारखेच दिसतात, त्या यंत्राचे उत्तर अंदाज म्हणूनच घ्यायला हवे, पुरावा म्हणून नव्हे.