यंत्रापुढील कैफियत

जें सासूबाईंस सांगवत नाहीं व माहेरीं लिहवत नाहीं, तें अहिल्यानगरची सून आज मध्यरात्रीं फोनमधील 'चॅटजीपीटी'स सांगूं शकते. ही ओढ नवी नाहीं. १९६६ सालीं अमेरिकेंत जोसेफ वायझेनबॉम यांनीं 'एलायझा' हा संवादी प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. तो बोलणाऱ्याचेंच वाक्य प्रश्नरूपानें परत देई. तरी माणसें त्याजपाशीं मन मोकळें करीत. मन हलकें होतें, हें खरें. परंतु यंत्र एकाच पक्षाची कैफियत ऐकतें. सासूबाईंची बाजू त्यास कोण सांगणार? म्हणून बोलण्याआधीं राग निवविण्यापुरतेंच तें वापरावें. निवाडा दोन्ही पक्ष समोरासमोर बसूनच व्हावा. मारहाण असल्यास मात्र ११२ वर कळवावें. मन खचल्यास १४४१६ ही सरकारी 'टेली-मानस' सेवा अहोरात्र आहे. तेथें ऐकणारा माणूस असतो.