ढग दोन दिशांना

गणित सोपं वाटतंय ना? मग ऐक. जळगाव आणि गोंदिया, दोन्ही छोटी विमानतळं. सरळ रेषेत अंतर ५०० किलोमीटरला जरा कमी. आपण ५०० धरू. एटीआर म्हणतात ते पंख्यांचं लहान विमान ताशी साधारण ५०० नं जातं. म्हणजे जायला तास, यायला तास, एकूण १२० मिनिटं.

आता मधे वारा घाल. पश्चिमेकडून, ताशी १००. गोंदियाला जाताना वारा पाठीशी, म्हणजे ६०० चा वेग. ५० मिनिटांत पोचलास. येताना वारा तोंडावर, वेग ४००. लागली ७५ मिनिटं. कर बेरीज. १२५! वाचली १०, गेली १५. फिटंफाट होतच नाही बघ. वारा मदतीला येतो तेव्हा प्रवासच लवकर उरकतो, आणि आडवा येतो तेव्हा जास्त वेळ छळतो. अंतर आपण जमिनीवर मोजतो, पण विमान चालतं हवेतून, आणि हवा कुठे एका जागी बसते? भरल्या उल्हास नदीत पोहणाऱ्याला हे सांगावं लागत नाही.

गंमत म्हणजे हवेचे मजले असतात, आणि ते आपल्या कर्जतच्या अंगणातून दिसतात. श्रावणात पाऊस जरा उघडला की मान वर कर. खालचे काळे ढग माथेरानकडून ढाकच्या डोंगराकडे, म्हणजे पश्चिमेकडून पूर्वेला, पळताना दिसतील. खालापुरात उभा राहिलास तर इर्शाळगडाकडून राजमाचीकडे. ते समुद्रावरून आलेले, घाटाला धडकायला निघालेले. नजर घराच्या पन्हाळीच्या कडेला लाव, नाहीतर कोण सरकतंय ते कळत नाही. मग त्यांच्या फटीतून पिंजलेले पांढरे ढग शोध, फार उंचावरचे. ते उलटे चाललेले असतात, पूर्वेकडून पश्चिमेला! सावकाश वाटतात, कारण लांब आहेत.

त्या वरच्या वाऱ्याचा शोध आपल्याच हवामानखात्यातल्या पी. कोटेश्वरम यांनी लावला. १९५८ साली त्यांचा लेख आला. हा झोत १४-१५ किलोमीटरवर, दक्षिण भारतावर सगळ्यात जोरात वाहतो, तिथे ताशी १०० किलोमीटरच्याही वर. आपल्याकडे त्याची उत्तरेकडची कड येते. उगम कुठे, माहितीय? तिबेटच्या पठारावर. उन्हाळ्यात ते तापतं, वरची हवा फुगते आणि दक्षिणेला निघते. पृथ्वी फिरतेय, म्हणून वाटेत उजवीकडे वळते. दक्षिणेला तोंड करून उभा राहा आणि उजवा हात पसर. पश्चिमच ना?

हिवाळ्यात हा झोत नसतो. तेव्हा उंचावर पश्चिमेकडूनच जोराचा वारा येतो, उत्तर भारतावर तर फारच. म्हणून मुंबईहून नागपूरला जाणारं मोठं विमान जानेवारीत वाऱ्याबरोबर पळतं, आणि जुलैत तेवढ्याच उंचीवर त्याच्या नाकावर वारा असतो. खालच्या मजल्यावरून जाणाऱ्या एटीआरचा हिशेब पुन्हा वेगळा.

विमानांच्या वेळापत्रकात मात्र नुसत्या उडण्यापेक्षा जास्तच वेळ लिहिलेला सापडेल, कारण त्यात धावपट्टीपर्यंत रांगणं आणि रांगेत थांबणंही मोजलेलं असतं. आता मला सांग, जळगाव-गोंदियाच्या वाटेवर वारा २०० चा असता तर एकूण किती मिनिटं झाली असती? पाटी घे.