शरियत, राज्यसत्ता आणि प्राचार्य फैजी

नगरच्या कोर्टात आम्ही वकिली करतो. तलाक मिळालेल्या मुस्लिम भगिनी पोटगीसाठी आमच्याकडे येतात. समोरच्या बाजूचे उत्तर ठरलेले असते, "आमच्या शरियतमध्ये असेच आहे." पण ही शरियत कोणी लिहिली, कोणत्या राज्यात लिहिली, असे कोणी विचारत नाही. हा प्रश्न आयुष्यभर विचारणारा एक अभ्यासक आपल्या महाराष्ट्रातच होऊन गेला.

बाबासाहेब १९३५ ते १९३८ या काळात मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते, हे आपल्या कार्यकर्त्यांना पाठ आहे. पण १९३८ मध्ये त्या खुर्चीवर कोण आले? असफ अली असगर फैजी. जन्म १८९९, माथेरान. घराणे सुलेमानी बोहरा. केंब्रिजला अरबी-फारसीचा अभ्यास, मग बॅरिस्टर, मग मुंबई हायकोर्टात वकिली. १९४७ पर्यंत ते प्राचार्य होते. त्यांचा मुस्लिम कायद्यावरील १९४९ चा ग्रंथ आजही वकिलांच्या टेबलावर असतो.

त्याच १९४९ मध्ये ते भारताचे राजदूत म्हणून इजिप्तला गेले. दहाव्या शतकात तिथे फातिमी खलिफांचे राज्य आले. त्यांचे प्रमुख न्यायपंडित काझी नुमान यांनी राज्यासाठी कायद्याचा ग्रंथ रचला, 'दआइमुल इस्लाम'. बगदादला दुसरा खलिफा होता आणि तिथला कायदा वेगळा होता. एकाच धर्मात दोन सत्ता आणि दोन कायदे! बोहरा घराण्यांनी जपलेल्या हस्तलिखितांच्या आधारे फैजींनी हा ग्रंथ संपादित करून कैरोतच छापला. आपली हस्तलिखिते त्यांनी मुंबई विद्यापीठाला देऊन टाकली. राजकीय इस्लामचा अभ्यास म्हणतात तो हा. १९६३ च्या पुस्तकात त्यांनी निष्कर्ष स्पष्ट मांडला: श्रद्धा वेगळी, कायदा वेगळा. कायदा काळाप्रमाणे बदलतो आणि बदललाच पाहिजे.

याचा पुरावा शोधायला कैरोला जाण्याची गरज नाही. आमच्या नगरात १५३७ साली बुऱ्हाण निजामशहाने शाह ताहिर या इराणहून आलेल्या विद्वानाच्या प्रभावाने शिया पंथ राज्याचा पंथ केला. सिंहासनाने मनावर घेतले आणि राज्याचा पंथ बदलला. बाबासाहेबांनीही नोव्हेंबर १९४८ मध्ये घटना समितीत हेच दाखवून दिले की, १९३७ पर्यंत मुंबईसह अनेक प्रांतांत मुसलमानांना वारसाहक्काच्या बाबतीत बऱ्याच अंशी हिंदू कायदाच लागू होता. मग अनादि आणि अपरिवर्तनीय ते काय?

इजिप्तने १९२९ मध्येच कायदा केला की, एका दमात उच्चारलेले तीन तलाक एकच धरले जातील. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने एका दमातला तिहेरी तलाक रद्द ठरवला तो २०१७ मध्ये. मधली अठ्ठ्याऐंशी वर्षे आपल्या भगिनींनी काय भोगले, त्याचा हिशेब कोण देणार? औरंगाबाद खंडपीठाच्या पूर्ण पीठाने २००२ मध्येच सांगितले होते की, 'तलाक दिला' एवढे म्हणून भागत नाही. त्याची कारणे आणि समेटाचे प्रयत्न सिद्ध करावे लागतात. आम्ही हा निकाल कोर्टात वाचून दाखवतो तेव्हा पुष्कळांना तो नवा वाटतो.

मुस्लिम भगिनींचे अश्रू दाखवून मुसलमानांविरुद्ध द्वेष पेरणारे वेगळे आणि हा अभ्यास वेगळा, हे मात्र विसरून चालणार नाही. ज्यांच्या पूर्वसुरींनी हिंदू कोड बिलाला विरोध केला, त्यांच्याकडून आम्ही स्त्रीमुक्तीचे धडे घेणार नाही. पण मुल्ला-मौलवी नाराज होतील म्हणून गप्प बसणे हेही बाबासाहेबांच्या अनुयायांना शोभत नाही.

आपली मुले कायदा शिकतात, सनद घेतात आणि मनुस्मृतीची चिकित्सा करतात. त्यातल्या दोघा-चौघांनी तरी अरबी शिकावे, मूळ ग्रंथ उघडावेत. शेजारच्या मोहल्ल्यातील भगिनीसोबत कोर्टाची पायरी चढायची, तर ऐकीव माहितीवर भागणार नाही. 'शिका' या आदेशाला धर्माची हद्द नाही.