नाळ पडेपर्यंत हात आवरा

मागच्या भागात आपण अंगावर पाजण्याविषयी बोललो. आज बाळाच्या नाळेविषयी.

मी गाझियाबादमध्ये नवजात बाळं तपासते. इंदिरापुरम, वैशाली भागात नोकरीसाठी आलेल्या मराठी घरांतही माझं जाणं-येणं असतं. तिथल्या बाळंतिणीला सल्ले दोन्हीकडून मिळतात. गावाहून आलेली आई सांगते, खोबरेलात हळद कालवून लाव. चाळीस दिवसांसाठी ठेवलेली जापेवाली, म्हणजे इथली बाळंतपण करणारी बाई, म्हणते, "सरसों का तेल लगाओ, जल्दी गिर जाएगी." दोघींची माया खरी आहे. पण दोघींनाही माझं उत्तर एकच: काहीही लावू नका.

का ते सांगते. नाळ कापली की तिचा रक्तपुरवठा संपतो. उरलेला तुकडा हवेने सुकतो, काळा आणि कडक होतो. मुळाशी शरीरातल्या पांढऱ्या पेशी त्याला हळूहळू सोडवतात. साधारण 5 ते 15 दिवसांत तो आपोआप गळतो. तेलाने ओल टिकते. ओल, ऊब आणि मेलेली कातडी. जंतूंना आणखी काय हवं? शिवाय नाळेतल्या रक्तवाहिन्या आत लगेच पूर्ण मिटत नाहीत, म्हणून तिथला जंतू थेट रक्तात शिरू शकतो. स्पिरिट किंवा जांभळ्या औषधाने तर नाळ पडायला उलट उशीरच होतो.

मग क्लोरहेक्सिडीन नावाचं औषध लावतात ते? नेपाळच्या सर्लाही जिल्ह्यात घरी जन्मलेल्या बाळांना त्याचा फायदा झाला, हे 2006 मध्ये प्रसिद्ध झालं. पण तिथली परिस्थिती वेगळी होती. दवाखान्यात स्वच्छ बाळंतपण झालं असेल तर कोरडी नाळच उत्तम. डॉक्टरांनी लिहून दिलं तरच औषध.

रोजचं काम थोडंसंच आहे. साबणाने हात धुवायचे. लंगोट किंवा डायपर नाळेच्या खाली दुमडायचा. इथल्या जानेवारीच्या धुक्यात झबलं, स्वेटर, दुपटं सगळं घाला, पण नाळेवर ओला लंगोट नको. नाळ पडेपर्यंत अंग पुसून काढलं तरी चालतं. शी-शू लागली तर साबण-पाण्याने धुऊन मऊ सुती कापडाने टिपून घ्या. आणि एका धाग्यावर लोंबत असली तरी ओढू नका!

पडताना रक्ताचा एखादा थेंब, थोडा पिवळसर चिकटपणा दिसतो. त्याला घाबरू नका. घाबरायचं ते याला: बेंबीभोवतीची लाली पोटावर पसरतेय, पू किंवा घाण वास येतोय, रक्त थांबत नाही, बाळ दूध ओढत नाही, मलूल आहे, अंग थंडगार पडलंय किंवा ताप 37.5 अंश सेल्सिअस, म्हणजे 99.5 फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त आहे. यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. उत्तर प्रदेशात 102 ही रुग्णवाहिका आजारी नवजात बाळाला फुकट नेते. तीन आठवडे उलटूनही नाळ पडली नाही, किंवा पडल्यावर तिथे गुलाबी, ओलसर कोंब राहिला, तर एकदा दाखवून घ्या. बेंबी फुगली म्हणून तिच्यावर नाणं बांधू नका.

ही लक्षणं ओळखायला डॉक्टरच लागतो असं नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी 39 गावांतल्या बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. तिथले नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटले. 1999 मध्ये 'लॅन्सेट'ने ते छापलं. त्याच वाटेने 2011 पासून देशभर आशाताई घरी येऊ लागल्या. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी सहा भेटी: 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी. उंच सोसायट्यांच्या गेटमधून त्या क्वचितच आत येताना दिसतात. म्हणून तिथे बेंबी रोज उजेडात बघायचं काम आईचं, किंवा बाबाचंही.

राहिला एक प्रश्न, जो आज्या हळूच विचारतात. पडलेली नाळ पुरायची कुठे? चौदाव्या मजल्यावर अंगण नाही. कागदात गुंडाळून कोरडी ठेवा, गावी जाल तेव्हा न्या. फक्त ताईत करून बाळाच्या गळ्यात बांधू नका.